कांद्याचा भाव आणि फ्लॅटचा भाव

चाकणचा महात्मा फुले बाजार कांद्या-बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. लिलावात दहा किलोला काय भाव फुटला ही बातमी त्याच दिवशी खेड, शिरूर, मावळच्या गावांत पोचते. पुढच्या बाजाराला तोच भाव बराच खाली आलेला असू शकतो, आणि तसे झाले तर कोणाला नवल वाटत नाही. कांदा म्हणजे बेभरवशाचा माल, हे शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते.

याच चाकणमध्ये बाजारापासून थोड्या अंतरावर फ्लॅट विकले जातात. तिथे चौकशी केली तर एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘जागेचा भाव खाली येत नाही.’ पिंपरी-चिंचवडपासून तळेगाव-चाकणपर्यंतच्या कारखानदारी पट्ट्यात हे वाक्य जवळजवळ सुभाषितासारखे वापरले जाते. निवृत्तीच्या वेळी हाती आलेला भविष्य निर्वाह निधी, कंपनीने स्वेच्छानिवृत्ती देताना दिलेली रक्कम, भूसंपादनाचे पैसे, हे सारे या वाक्याच्या भरवशावर दुसऱ्या फ्लॅटमध्ये किंवा दोन गुंठ्यांच्या तुकड्यात जाते. आपल्या शाळांतील कितीतरी मुलांच्या घरी हा निर्णय झालेला आहे किंवा होऊ घातला आहे. बहुतेक घरांत ही आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी असते आणि ती बहुधा एकदाच होते. म्हणजे चूक झाली तर तिच्यापासून शिकून दुसऱ्यांदा नीट करण्याची सोय नसते.

तेव्हा हे वाक्य खरे की खोटे, आणि खरे असेल तर कोणत्या अर्थाने, हे तपासायला हवे. त्यासाठी नववी-दहावीच्या गणितापेक्षा फारसे अधिक काही लागत नाही.

चढउतार मोजायचा कसा?

समजा, दोन जागा आहेत. पहिल्या जागेची किंमत पाच वर्षांत अनुक्रमे ६, ५, ७, ४ आणि ८ टक्क्यांनी वाढली. दुसऱ्या जागेत हेच आकडे अधिक २५, उणे ५, अधिक १८, उणे १२ आणि अधिक ४ असे आहेत. (हे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, कोणत्याही गावचे नाहीत.) दोन्हींची सरासरी काढा. बेरीज ३० येते, म्हणजे वर्षाला सरासरी ६ टक्के. जाहिरातीत दोन्ही जागा ‘सरासरी ६ टक्के वाढ’ याच नावाने विकता येतील.

फरक कुठे आहे ते प्रमाण विचलन काढल्यावर कळते. प्रत्येक आकडा सरासरीपासून किती दूर आहे ते पाहायचे, त्या अंतरांचे वर्ग करायचे, वर्गांची सरासरी काढायची आणि शेवटी वर्गमूळ घ्यायचे. पहिल्या जागेत अंतरे ०, १, १, २, २ आहेत. वर्गांची बेरीज १०, सरासरी २ आणि वर्गमूळ सुमारे १.४. दुसऱ्या जागेत अंतरे १९, ११, १२, १८, २ अशी येतात. वर्गांची बेरीज ९५४, सरासरी १९०.८ आणि वर्गमूळ सुमारे १३.८. दुसऱ्या जागेतील चढउतार पहिलीच्या जवळजवळ दसपट आहे.

पण शेवटी सरासरी तीच, मग बिघडले कुठे? असे विद्यार्थी विचारतीलच. त्यांना १०० रुपये घेऊन पाच वर्षांचा गुणाकार करायला सांगावे. पहिल्या जागेत १०० चे १३३.७६ होतात, दुसऱ्या जागेत १२८.२४. म्हणजे ४० लाखांच्या घराचे एकीकडे साडेत्रेपन्न लाख आणि दुसरीकडे सव्वाएकावन्न लाख झाले. सरासरी सारखी असूनही सव्वादोन लाखांचा फरक पडला. याचे कारण साधे आहे. १०० रुपयांतून २० टक्के गेले की ८० उरतात, आणि ८० चे पुन्हा १०० व्हायला २० नव्हे तर २५ टक्के वाढ लागते. प्रत्येक घसरण भरून काढायला तिच्याहून मोठी चढण चढावी लागते. त्यामुळे चढउतार हा केवळ मनाला त्रास देणारा प्रकार नाही, तो पैसेही खातो.

आणि हा हिशेब पाचव्या वर्षाच्या अखेरीस विकणाऱ्याचा झाला. चौथ्या वर्षी, १२ टक्क्यांच्या घसरणीनंतर, मुलीच्या शिक्षणासाठी किंवा घरातल्या दुखण्यासाठी विकावे लागले तर पहिल्या जागेचे १२३.८५ हाती येतील. दुसऱ्या जागेचे १२३.३१ येतील. फार वाईट नाही, असे वाटेल. पण दुसऱ्या जागेची किंमत एका वर्षापूर्वी १४०.१२ होती, आणि माणूस आपले बेत नेहमी त्या सर्वांत वरच्या आकड्यावर आखतो.

न दिसणारा चढउतार

आता मूळ अडचणीकडे वळू. कांद्याचा भाव रोज दिसतो, कारण एकसारखा माल रोज अनेक हातांतून जातो. फ्लॅटचे तसे नाही. तुमच्या इमारतीतील २४ घरांपैकी वर्षभरात कदाचित एखादेच विकले जाते. तेही दुसऱ्या मजल्यावरचे, तुमचे पाचव्यावर. उरलेल्या २३ घरांची किंमत त्या दिवशी काय होती हे कोणीच मोजलेले नसते. जे मोजलेच नाही ते हलले नाही असे आपण समजतो. काटा नसलेल्या वजनकाट्याकडे पाहून ‘वजन स्थिर आहे’ म्हणण्यासारखे हे आहे.

दुसरे असे की मंदीत बांधकाम व्यावसायिक छापील दर सहसा उतरवत नाही. दर उतरवला तर आधीचे ग्राहक भांडायला येतील आणि त्याला कर्ज देणारी संस्थाही हिशेब विचारील. त्याऐवजी तो पार्किंग फुकट देतो, स्वयंपाकघराचे फर्निचर करून देतो, मुद्रांक शुल्क स्वतः भरतो. दर चौरस फुटाचा आकडा जागच्या जागी राहतो आणि किंमत मात्र पाच-सात टक्क्यांनी उतरलेली असते. पुनर्विक्रीच्या घरात तर आणखीच वेगळे घडते. मालक भाव सोडत नाही, गिऱ्हाईक येत नाही आणि घर वर्ष-दीड वर्ष पडून राहते. कांद्याच्या मंदीत भाव पडतो, फ्लॅटच्या मंदीत विक्री थांबते. म्हणून जागेच्या बाजाराचा चढउतार पाहायचा असेल तर भावाबरोबर ‘किती दिवसांत विकले गेले’ हेही मोजायला हवे. आमच्या मते दुसरा आकडा पहिल्यापेक्षा अधिक प्रामाणिक आहे.

विक्रीची संख्या किती झटकन हलते याचे एक उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. टाळेबंदीनंतर राज्य सरकारने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात मुद्रांक शुल्कात ३ टक्क्यांची सूट दिली. पुढे ३१ मार्च २०२१ पर्यंत ती सूट २ टक्क्यांची होती. मुदत संपत आली तशी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयांत गर्दी उसळली. त्या काही महिन्यांत घरांची गरज अचानक वाढलेली नव्हती. पुढे होणारे व्यवहार अलीकडे ओढले गेले, इतकेच.

मग निर्देशांकांचे काय? राष्ट्रीय आवास बँक २००७ पासून ‘रेसिडेक्स’ हा घरांच्या किमतींचा निर्देशांक प्रसिद्ध करते. त्यातील ५० शहरांच्या यादीत पुण्याबरोबरच पिंपरी-चिंचवड आणि चाकण ही नावे स्वतंत्रपणे आहेत, ही आपल्या शाळांच्या दृष्टीने सोयीची गोष्ट. असे निर्देशांक उपयोगी असतात, पण ते वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. पुष्कळ घरांची सरासरी काढली की एकेका घराचे हेलकावे एकमेकांत जिरतात. अनेक तिमाहींची सरासरी काढली तर आणखी जिरतात. वरच्या दुसऱ्या जागेचे आकडे पुन्हा घ्या आणि लागोपाठच्या तीन-तीन वर्षांची सरासरी काढा. १२.७, ०.३ आणि ३.३ असे आकडे येतात. उणे चिन्ह नाहीसे झाले. यांचे प्रमाण विचलन काढले तर ते १३.८ वरून सुमारे सव्वापाचवर येते. जागा तीच, धोका तोच, फक्त आपण जाड काचेतून पाहिले.

सरकारी मूल्यदर तक्ता, म्हणजे ज्याला सगळे रेडीरेकनर म्हणतात, तो तर याहून संथ. एप्रिल २०२२ नंतर दोन वर्षे त्याचे दर बदललेच नाहीत आणि एप्रिल २०२५ मध्ये ते वाढवले गेले. मुद्रांक शुल्क ठरवण्यासाठी तो आहे. त्याच्यावरून बाजाराची नाडी पाहू नये.

कोळ्याचे जाळे

भाव वरखाली का होतात? कांद्याचे उत्तर शेतकऱ्याच्या मुलाला माहीत असते. यंदा भाव चढला म्हणून पुढच्या हंगामात सगळे कांदा लावतात. सगळ्यांचा कांदा एकाच वेळी बाजारात येतो आणि भाव कोसळतो. मग पुढच्या वेळी कोणी लावत नाही आणि भाव पुन्हा चढतो. आर्थर हानाऊ या जर्मन अर्थतज्ज्ञाने १९२८ मध्ये डुकरांच्या बाजारात हेच चक्र दाखवले. निकोलस काल्डोर याने १९३४ मध्ये त्याला ‘कोळ्याचे जाळे’ असे नाव दिले, कारण मागणी-पुरवठ्याच्या आलेखावर ही ये-जा रेखाटली की कोळिष्टकासारखी आकृती दिसते. या साऱ्याचे मूळ एका गोष्टीत आहे. निर्णय आजच्या भावावर घेतला जातो आणि माल मात्र काही काळाने तयार होतो.

कांद्याला तीन-चार महिने लागतात. इमारतीला जमीन, परवानग्या आणि बांधकाम धरून तीन-चार वर्षे सहज लागतात. म्हणजे जाळे तेच, पण धागे लांब. नवा कारखाना येणार अशी बातमी आली की एकाच वर्षी वीस जण पाया खणतात, आणि ती सर्व घरे एकाच सुमारास ताब्यात मिळू लागतात. दरम्यान कारखाना आला की नाही, आला तर त्यात कायम नोकऱ्या किती निघाल्या, हे पाया खणताना कोणालाच माहीत नसते. शिवाय कांदा सडतो, त्यामुळे पडत्या भावात का होईना विकावाच लागतो आणि चक्र लवकर पुरे होते. इमारत सडत नाही. रिकामी घरे वर्षानुवर्षे उभी राहतात आणि नव्या घरांचा भाव दाबून धरतात.

अमेरिकेतील होमर हॉइट याने १९३३ मध्ये शिकागो शहराच्या शंभर वर्षांच्या जमीन-किमतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याला तेजी-मंदीच्या मोठ्या लाटा साधारण अठरा वर्षांच्या अंतराने दिसल्या. हा आकडा पंचांगासारखा वापरणारे लोक आजही भेटतात. तसे करू नये. हाती लाटा होत्या मोजून चार-पाच, आणि त्यांतील अंतरेही एकसारखी नव्हती. पण एवढे खरे की या लाटा माणसाच्या नोकरीच्या कालावधीइतक्या लांब असू शकतात. ज्याने फक्त चढती बाजू पाहिली आहे त्याचा अनुभव खरा असतो, तरी अपुरा असतो.

एक कारखाना, अनेक कारखाने

आपल्या पट्ट्याचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि साठच्या दशकात टेल्को, बजाज यांच्यासारख्या कंपन्यांभोवती लघुउद्योगांचे मोहोळ जमले. कामगारांना घरे मिळावीत म्हणून १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आले. त्याने ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने भूखंड दिले. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, १९९७ मध्ये मोशी, चऱ्होली, रावेत यांसारखी गावे तिच्यात आली. एखाद्या शेतजमिनीच्या किमतीत या प्रत्येक टप्प्याला उडी बसलेली असणार.

सप्टेंबर २००७ मध्ये बजाजच्या आकुर्डी कारखान्यातील वाहन उत्पादन थांबले. शेकडो कुटुंबांना त्याची झळ लागली. पण तोवर शहराला इतर पाय फुटलेले होते. हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान होते, २००२ मध्ये सुरू झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग होता, भोसरीचे असंख्य छोटे कारखाने होते. आकुर्डीतील घरांची मागणी एका फाटकावर टेकलेली नव्हती. पुढे मार्च २०२२ मध्ये मेट्रोचा पिंपरी ते फुगेवाडी हा टप्पा सुरू झाला, सप्टेंबर २०२४ मध्ये ती स्वारगेटपर्यंत पोचली. हे आणखी वेगळे पाय.

तळेगावची गोष्ट निराळी आहे. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना सप्टेंबर २००८ मध्ये सुरू झाला. त्याच महिन्यात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही संस्था बुडाली आणि जगभर मंदी पसरली. २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतातील मोटारविक्री बंद केली, डिसेंबर २०२० मध्ये निर्यातीसाठीचे उत्पादनही थांबवले. कामगारांचा प्रश्न न्यायालयात गेला. मध्यंतरी जानेवारी २०२० मध्ये ग्रेट वॉल या चिनी कंपनीने कारखाना घेण्याचा करार जाहीर केला होता, तो २०२२ मध्ये निकालात निघाला. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने खरेदीचा करार केला आणि २०२५ मध्ये तिथून पुन्हा मोटारी बाहेर पडू लागल्या. पाच वर्षे फाटक जवळजवळ बंद. त्या फाटकाच्या आशेने जवळपास घर घेऊन ठेवलेल्याच्या दृष्टीने पाहा. ज्याला थांबणे परवडले तो वाचला, ज्याचा हप्ता थांबण्यासारखा नव्हता त्याची गोष्ट वेगळी झाली. दोघांच्या जागा मात्र एकाच भिंतीला लागून असू शकतात.

काही वेळा तर फाटकही नसते, नुसती बातमी असते. पुण्याचा नवा विमानतळ चाकण-राजगुरुनगर परिसरात होणार, ही चर्चा कित्येक वर्षे चालली. २०१६ मध्ये तो पुरंदर तालुक्यात नेण्याचे जाहीर झाले. तळेगावजवळ येणार म्हणून गाजलेला वेदांत-फॉक्सकॉनचा अर्धसंवाहक प्रकल्प सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातेत जाहीर झाला, आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली. जमिनीचे भाव मात्र बातमीच्या दिवशीच चढायला लागतात. बातमी खरी ठरण्याची शक्यता निम्मी असेल, तर चढलेल्या भावातील निम्मी रक्कम आपण न फुटलेल्या नारळासाठी देत असतो.

उलट बाजूही नोंदवली पाहिजे. चाकणला २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, मर्सिडीझ पिंपरीहून तिथे गेली, बजाजचा कारखाना १९९९ पासून होताच. बातम्या खऱ्याही ठरतात. प्रश्न फक्त तोपर्यंत दम धरण्याचा असतो.

कर्जाची तरफ

पदार्थविज्ञानात आपण तरफ शिकवतो. लांब बाजूला थोडे बळ लावले की आखूड बाजूला मोठे वजन उचलले जाते. कर्ज ही तशीच तरफ आहे. समजा, ४० लाखांचे घर घेताना ८ लाख स्वतःचे घातले आणि ३२ लाख बँकेचे. घराची किंमत १० टक्क्यांनी वाढून ४४ लाख झाली, तर बँकेचे ३२ वजा जाता आपले १२ उरले. आठाचे बारा, म्हणजे ५० टक्के वाढ. पेढे वाटले जातात. किंमत १० टक्क्यांनी उतरून ३६ लाख झाली तर आपले ४ उरले. आठाचे चार. घराचा चढउतार १० टक्के, आपल्या पैशाचा ५० टक्के. तरफेचा गुणक ५ आहे आणि तो दोन्ही दिशांना सारखाच काम करतो. ‘जागेचा भाव फारसा हलत नाही’ म्हणणारा हा गुणक सांगायला विसरतो.

दुसरा चढउतार व्याजाचा. मे २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहा झाला. २०२५ मध्ये तो पुन्हा उतरू लागला. बदलत्या दराची गृहकर्जे त्याच्याबरोबर हलतात. ३२ लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी ७ टक्क्यांनी घेतले तर मासिक हप्ता सुमारे २४,८१० रुपये येतो. दर साडेनऊ झाला तर तोच हप्ता सुमारे २९,८३० होतो. महिन्याला पाच हजारांचा फरक. अशा वेळी बँक सहसा हप्ता न वाढवता मुदत वाढवते, म्हणून कर्जदाराला वाटते की काही झालेच नाही. पण इथे एक गंमत आहे. ३२ लाखांवर साडेनऊ टक्क्यांनी एका महिन्याचे नुसते व्याज २५,३३३ रुपये होते. जुना हप्ता २४,८१०. कर्ज नुकतेच घेतलेले असेल तर त्या हप्त्याने व्याजही फिटत नाही. मुदत कितीही वाढवली तरी कर्ज संपणार नाही, उलट वाढत जाईल. हा हिशेब वर्गात फळ्यावर करून दाखवावा. चक्रवाढ व्याजाचा धडा विद्यार्थी विसरणार नाहीत.

खरेदीच्या खर्चाचेही थोडक्यात पाहू. महापालिका हद्दीत अधिभार धरून मुद्रांक शुल्क ७ टक्के, महिलेच्या नावे घेतल्यास १ टक्का कमी, आणि नोंदणी फी ३० हजार. चाळीस लाखांवर सरळ ३ लाख १० हजार. म्हणजे घर पावणेआठ टक्क्यांनी महाग झाल्याशिवाय आपण मुद्दलावरही येत नाही. दोन वर्षांत विकण्याचा विचार करणाऱ्याने आधी हा खड्डा मोजावा. भाडे महिना १० हजार धरले तर वर्षाला १ लाख २० हजार, किमतीच्या ३ टक्के. दोन महिने घर रिकामे राहिले आणि देखभाल खर्च गेला की ते दोनच्या आसपास येते.

सगळे एकाच दोरीला

चढउताराच्या गणितात सर्वांत दुर्लक्षित भाग सहसंबंधाचा आहे. दोन संकटे एकमेकांपासून स्वतंत्र असतील आणि प्रत्येकाची शक्यता दहात एक असेल, तर दोन्ही एकदम येण्याची शक्यता शंभरात एक. पण दोन्ही एकाच कारणाने येणारी असतील, तर ती दहात एकच राहते. धोका दसपट.

आता एक कल्पित कुटुंब घेऊ. नवरा चाकणच्या मोटारींच्या सुटे भागांच्या कारखान्यात. मेहुणा त्याच भागात वाहतुकीच्या धंद्यात. बचतीतून आणि कर्ज काढून चाकणलाच दुसरा फ्लॅट, त्यात भाडेकरू म्हणून कंत्राटी कामगार मुले. चार वेगळ्या गोष्टी दिसतात, पण दोरी एकच आहे, देशातील मोटारींची विक्री. ऑगस्ट २०१९ मध्ये प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टच्या तुलनेत सुमारे ३१ टक्क्यांनी घसरली. कारखान्यांनी उत्पादन बंदचे दिवस जाहीर केले. अशा महिन्यात नवऱ्याचा जादा कामाचा भत्ता जातो, मेहुण्याच्या गाड्या उभ्या राहतात, कंत्राटी मुले खोली सोडून गावी जातात, आणि फ्लॅट विकावा म्हटले तर घेणाराही त्याच पट्ट्यातला. २०२० च्या टाळेबंदीत हेच आणखी मोठ्या प्रमाणावर घडले.

अशा कुटुंबाला ‘चाकणमध्ये भाव वाढतील का?’ हा प्रश्न विचारून फारसे हाती लागत नाही. भाव पडतील तेव्हा आपली मिळकतही त्याच वेळी पडेल का, हा प्रश्न विचारावा लागतो. जिल्हा परिषदेतील शिक्षिकेला तोच फ्लॅट तितकाच धोक्याचा नाही, कारण तिचा पगार मोटारींच्या विक्रीवर हलत नाही. म्हणजे एकाच घराचा धोका घेणाऱ्यागणिक बदलतो. राहण्यासाठी घेतलेल्या पहिल्या घराचेही तसेच. त्याचा भाव उतरला तरी छप्पर तेवढेच राहते, आणि आपण भाड्याच्या चढउतारापासून सुटतो. हप्ता झेपत असेल तर तिथे चढउताराची फार चिंता करण्याचे कारण नाही, असे आम्हाला वाटते. हे सारे गणित खऱ्या अर्थाने दुसऱ्या घरासाठी आहे.

सरासरीत न मावणारे

काही धोके प्रमाण विचलनात दिसतच नाहीत, कारण ते हळूहळू येत नाहीत. मे २०२५ मध्ये चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत बांधलेले ३६ बंगले महापालिकेने पाडले. हरित न्यायाधिकरणाचा आदेश होता आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. त्या बंगल्यांची किंमत आदल्या महिन्यापर्यंत ‘स्थिर’च असणार.

निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ हे शब्द ऐकून पुष्कळांना वाटते की नुकताच पूर येऊन गेला, आता २५ वर्षे निश्चिंती. तसे नाही. दरवर्षी शक्यता २५ त १ असते, मागे काय झाले याच्याशी तिचा संबंध नसतो. एका वर्षी पूर न येण्याची शक्यता २४/२५, तर २० वर्षांत एकदाही न येण्याची शक्यता २४/२५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.४४. उरलेली ०.५६. म्हणजे २० वर्षांचे कर्ज फिटेपर्यंत निळ्या रेषेपर्यंत पाणी निदान एकदा येण्याची शक्यता न येण्याहून जास्त. लाल रेषेसाठी हाच आकडा सुमारे १८ टक्के येतो. पवना, इंद्रायणी आणि मुळा या तिन्ही नद्या ज्या शहरातून जातात तिथे घर पाहायला जाताना विकास आराखड्याचा नकाशा पाहणे हे भावाच्या चौकशीइतकेच आवश्यक आहे. यात भाव करून फायदा नाही. अशी जागा स्वस्त मिळते ती याच कारणाने.

दहावीच्या वर्गाला यातून एक प्रकल्प देता येईल. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर झालेल्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन पाहता येते. तीत दस्ताची तारीख, क्षेत्रफळ, मोबदला आणि सरकारी मूल्य ही माहिती असते. आपल्या परिसरातील एकच गृहसंकुल घ्यावे आणि पाच-सात वर्षांतील तेथील विक्रीचे दस्त शोधावेत. व्यक्तींची नावे वहीत उतरवू नयेत, आकडेच घ्यावेत. मोबदल्याला क्षेत्रफळाने भागून दर काढावा, क्षेत्रफळ चटईचे की बांधीव हे तपासून घ्यावे. हे दर तारखेप्रमाणे आलेखावर मांडावेत आणि त्याच आलेखावर दर तिमाहीत किती दस्त झाले याचे स्तंभ काढावेत. दराची रेषा सपाट आणि स्तंभ मात्र उंचसखल असे चित्र दिसले, तर मुलांना विचारावे की स्तंभ ज्या तिमाहीत शून्यावर होता, त्या तिमाहीत त्या संकुलातील घराचा भाव किती होता?